गर्दीत अंग का तापते?



एप्रिल महिन्याची १४ तारीख. दुपार कलली आहे, पण नांदेडच्या रस्त्यावरचे डांबर अजून इतके तापलेले आहे की चप्पल तुटली तर अनवाणी दहा पावले टाकणे अवघड. निळे झेंडे, निळे फेटे, ढोलताशे, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर माणसापेक्षा उंच रचलेल्या ध्वनिवर्धकांमधून चाललेली भीमगीते. त्या ट्रॉलीच्या अगदी पुढ्यात तुमच्या वयाची मुले नाचताहेत. प्रत्येक गाण्याचा शब्द न् शब्द त्यांना पाठ आहे. पहिली रांग सोडायची नाही, असा निश्चय करूनच ती सकाळी घरातून निघाली आहेत. लातूरला गेलात तरी हेच चित्र दिसेल.

विदेशात रॉक संगीताचे महोत्सव भरतात तेव्हा रंगमंचाच्या पुढच्या कठड्याला चिकटून उभे राहणाऱ्या चाहत्यांची तऱ्हा याहून निराळी नसते. आपल्याकडे जयंतीची मिरवणूक, होळीनंतर नांदेडला निघणारी होला मोहल्ल्याची मिरवणूक, यात्रेतला जलसा किंवा पुढाऱ्याची सभा अशी निमित्ते वेगवेगळी. शरीराला मात्र निमित्त कळत नाही. ऊन, गर्दी, हालचाल आणि पाणी एवढ्या चारच गोष्टी त्याला कळतात.

आधी एक हिशेब करू. स्वस्थ उभा असलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. पूर्वी घरोघरी असे तो १०० वॅटचा पिवळा दिवा आठवा, किंवा वडीलधाऱ्यांना विचारा; हात जवळ नेला तरी चटका बसे. जोरात नाचणारा माणूस सुमारे ४०० वॅट, म्हणजे असे चार दिवे. तासाच्या भाषेत ही उष्णता ३४४ किलोकॅलरी होते. आता तुमचे वजन ५० किलो धरू. शरीराचा बराच भाग पाणी असल्याने त्याची विशिष्ट उष्णता ०.८३ च्या आसपास असते. म्हणजे तुमचे तापमान १ अंशाने वाढायला सुमारे ४२ किलोकॅलरी पुरतात. शरीरातून उष्णता बाहेर पडण्याचे सर्व मार्ग बंद झाले, तर नाचणाऱ्या मुलाचे तापमान ३७ अंशांवरून ४० अंशांवर जायला २५ मिनिटेसुद्धा लागणार नाहीत! चार गाणी फार तर.

तसे होत नाही, कारण मार्ग बंद नसतात. पुस्तकात तुम्ही उष्णतेच्या संक्रमणाचे तीन प्रकार शिकला आहात: वहन, अभिसरण आणि प्रारण. थंडीच्या दिवसांत या तिन्हींनी आपले काम भागते. पण तिन्हींना एक अट आहे: उष्णता गरम वस्तूकडून थंड वस्तूकडेच जाते. आपल्या त्वचेचे तापमान ३५ अंशांच्या जवळपास असते. एप्रिलमध्ये नांदेडचा पारा ४० अंशांच्या पुढे जाणे नवलाचे नाही. (लातूर समुद्रसपाटीपासून सुमारे ६३० मीटर उंचीवर आहे, नांदेड सुमारे ३६० मीटर, त्यामुळे लातूरकरांना एक-दोन अंशांची सवलत मिळते, त्यांनी त्याबद्दल बालाघाटच्या पठाराचे आभार मानावेत.) हवा त्वचेपेक्षा गरम झाली की हे तिन्ही दरवाजे उलट्या दिशेने उघडतात. उष्णता बाहेर जाण्याऐवजी आत येऊ लागते.

मग उरतो एकच मार्ग, घामाचा. घाम *येण्याने* गारवा मिळत नाही, घाम *वाळण्याने* मिळतो, ही गोष्ट पक्की लक्षात ठेवा. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते आणि ती आपल्या त्वचेतून घेतली जाते. रांजणातले पाणी याच कारणाने गार होते. ५८० किलोकॅलरी घालवायला एक लिटर घाम पुरतो. तेव्हा नाचण्याची ती ३४४ किलोकॅलरी बाहेर टाकायला ताशी सुमारे ६०० ग्रॅम घाम वाळला पाहिजे. त्यात उन्हाची आणि गरम हवेची भर धरली तर आकडा लिटरकडे सरकतो. टपकन जमिनीवर पडलेला किंवा रुमालाने पुसून टाकलेला घाम या हिशेबात धरायचा नाही. तो फुकट गेला.

आता गर्दीकडे वळू. जमिनीचा एक चौरस मीटर तुकडा डोळ्यांसमोर आणा. भर दुपारी स्वच्छ आकाशातून त्यावर सुमारे १००० वॅट ऊन पडते. त्याच तुकड्यावर चार जण नाचत असतील तर त्यांची स्वतःची उष्णता १६०० वॅट झाली. म्हणजे दाट गर्दीत नाचणाऱ्या मुलांनी त्या जागेत सूर्यापेक्षाही मोठी शेगडी पेटवलेली असते! कलत्या उन्हात तर हा फरक आणखी वाढतो. 'ऊन उतरले, आता काही भीती नाही' हे म्हणणे म्हणूनच अर्धेच खरे आहे.

गर्दीचा याहून मोठा अपराध म्हणजे ती वारा अडवते. मोकळ्या मैदानात अंगाभोवतीची दमट हवा वाऱ्याने सतत दूर नेली जाते आणि कोरडी हवा तिची जागा घेते. गर्दीच्या मध्यभागी तसे घडत नाही. हजार जणांनी तासाला अर्धा लिटर घाम वाळवला तर ५०० लिटर पाण्याची वाफ त्यांच्याच भोवती घोटाळत राहते. दक्षिण ध्रुवाकडचे सम्राट पेंग्विन हाच गुण वापरून कडाक्याच्या थंडीत एकमेकांना खेटून उभे राहतात आणि त्यांच्या घोळक्याच्या आत ३७ अंशांपर्यंत ऊब साठते. पेंग्विनांना जे हवे असते ते आपल्याला एप्रिलमध्ये नको असते, एवढाच फरक.

येथे एक प्रश्न विचारतो. कोरडी हवा आणि ४२ अंश अधिक वाईट, की दमट हवा आणि ३८ अंश? बहुतेक जण ४२ म्हणतील. पण पाणी टाकायचा कूलर आठवा. वाळ्याची ताटी किंवा लाकडी भुसा लावलेला तो कूलर नांदेड-लातूरला छान गारवा देतो आणि मुंबईच्या नातेवाइकांकडे नेला तर खोली नुसती ओलसर करतो. कारण हवेत आधीच वाफ असेल तर पाणी वाळत नाही. हे मोजण्यासाठी तापमापकाच्या फुग्यावर ओले फडके गुंडाळतात; त्यावर दिसणाऱ्या तापमानाला ओल्या फुग्याचे तापमान म्हणतात. हवा ४२ अंश आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल तर ते सुमारे २२ अंश येते. हवा ३८ अंश आणि आर्द्रता ४५ टक्के असेल तर सुमारे २८ अंश. हे तापमान ३५ अंशांना पोचले की सावलीत, वाऱ्यात, स्वस्थ बसलेल्या निरोगी माणसालाही उष्णता बाहेर टाकता येत नाही, असे गणित सांगते. तरुण निरोगी व्यक्तींवर अलीकडे झालेल्या प्रयोगांत तर ही मर्यादा ३५ च्या बरीच खाली आढळली.

याचा दुःखद पुरावा महाराष्ट्राने पाहिला आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या उघड्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो अनुयायी श्रद्धेने आले होते आणि भर उन्हात दुपारपर्यंत बसून होते. जवळच्या हवामान केंद्रावर पारा ३८ अंशांच्या आसपास होता. मराठवाड्यात त्याला कोणी कडक ऊन म्हणणार नाही. पण जागा खाडीकाठची होती, हवा दमट होती. त्या दिवसाने १४ जणांचे बळी घेतले.

अमेरिकेत जुलै १९९९ मध्ये भरलेल्या वुडस्टॉक महोत्सवाची जागाही अशीच शिकण्यासारखी. न्यूयॉर्क राज्यातल्या एका जुन्या लष्करी विमानतळावर तो भरवला होता. पारा ३८ अंशांच्या घरात, सावली नाही, पायाखाली मैलभर डांबर आणि काँक्रीट, आणि पाण्याची बाटली चार डॉलरला. शेकडो जणांना उन्हाचा त्रास होऊन उपचार घ्यावे लागले आणि उष्माघाताने मृत्यूही झाला. १९६९ चा मूळ वुडस्टॉक एका शेतात झाला होता. तिथे पाऊस आणि चिखल यांनी लोक बेजार झाले, पण निदान भाजून तरी निघाले नाहीत.

पाण्याचा हिशेब लातूरकरांना वेगळा सांगायला नको. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी, 'जलदूत', लातूरला पोचली तेव्हा तिच्या दहा वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. दोनच दिवसांनी डॉ. आंबेडकरांच्या जन्माला १२५ वर्षे पूर्ण झाली. एक लाख माणसे उन्हात पाच तास राहिली आणि प्रत्येकाला पाच लिटर पाणी लागले, तर ती अख्खी गाडी नुसत्या घामात संपेल. मिरवणुकीच्या वाटेवर ठिकठिकाणी जे लोक पिंप भरून पाणी आणि सरबत वाटत उभे असतात, त्यांचे मोल या आकड्यावरून कळते.

तरीही पुष्कळ जण पाणी पीत नाहीत. एक कारण असे की तहान उशिरा लागते. शरीरातले पाणी बऱ्यापैकी घटल्यावरच ती जाणवते, आणि आवडते गाणे चालू असताना तर तिची आठवणही होत नाही. दुसरे कारण कोणी मोठ्याने बोलत नाही. स्वच्छतागृह नाही म्हणून मुली आणि बायका सकाळपासून मुद्दाम पाणी टाळतात. हा त्यांचा दोष नाही, व्यवस्थेचा आहे. कार्यक्रम ठरवणाऱ्यांनी मंडपाच्या आधी त्याचा विचार करायला हवा. शाळेची सहल किंवा प्रभातफेरी नेणाऱ्या शिक्षकांनीसुद्धा.

लातूरमध्ये शिकणाऱ्या मुलांबद्दल एक खास गोष्ट. उन्हाची सवय शरीराला एक-दोन आठवड्यांत होते: घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो आणि त्यातले मीठ कमी होते. शेतात काम करणाऱ्याला ही सवय आपोआप लागते. महिनोन्महिने खोलीत कूलरसमोर अभ्यास करणाऱ्याला ती नसते. तो परीक्षा संपताच थेट मिरवणुकीत उतरला तर तरुण असूनही शेतकऱ्याच्या आधी तोच कोसळेल.

कोसळण्याचेही दोन प्रकार आहेत आणि त्यांतला फरक ओळखता आला पाहिजे. उन्हात त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, स्थिर उभे राहिल्याने रक्त पायांत साठते, मेंदूला कमी पडते आणि माणसाला घेरी येते. त्याला सावलीत आडवे करून पाय उंच धरले की तो थोड्या वेळात सावध होतो. भोवतालचे लोक त्याला प्रेमाने धरून उभे ठेवतात, ते चूक. (भाषण ऐकताना अधूनमधून टाचा वरखाली केल्या तर पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलतात आणि घेरी टळते.)

उष्माघात निराळा. त्यात अंग ४० अंशांच्या वर तापते आणि मेंदूचा ताल चुकतो: माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, झोकांड्या खातो. कातडी कोरडी पडलेलीच असेल असे नाही. नाचणाऱ्याला उष्माघात होतो तेव्हा अंग घामाने चिंबही असते. ध्वनिवर्धकाच्या भिंतीसमोर मित्राचे बरळणे ऐकू येत नाही, म्हणून त्याच्या चेहऱ्याकडे आणि चालीकडे पाहावे लागते. अशा वेळी १०८ क्रमांकाला दूरध्वनी करायचा, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबून न राहता अंगावर मिळेल ते पाणी ओतायचे, पुठ्ठ्याने वारा घालायचा, बर्फ मिळाल्यास मान, काखा व जांघांत ठेवायचा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालायचे नाही, ते श्वासनलिकेत जाते.

खिशात कांदा ठेवल्याने ऊन बाधत नाही, असे आपल्याकडे पुष्कळ लोक मानतात. खिशातला कांदा ना घाम वाळवतो ना पाणी पुरवतो. तोच ताकाबरोबर, भाकरीबरोबर पोटात गेला तर अधिक उपयोगी. ताक, पन्हे, मीठ-साखर घातलेले लिंबाचे सरबत ही पेये मात्र शास्त्राच्या कसोटीला उतरतात, कारण घामातून पाण्याबरोबर मीठही जाते. घरी करायचे असेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. डोक्यावर ओले उपरणे किंवा गमछा घेणे हाही उत्तम उपाय: घाम न गाळता बाष्पीभवनाचा सगळा फायदा मिळतो.

गर्दी हवेला काय करते हे स्वतः पाहायचे असेल तर शाळेच्या प्रयोगशाळेतून दोन तापमापक मागून घ्या. एकाच्या फुग्यावर पातळ सुती कापडाची पट्टी गुंडाळा आणि तिचे टोक पाण्याच्या वाटीत सोडा. मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा असताना दोन्हींवरची तापमाने वहीत लिहा. मग सगळे वर्गात आल्यावर दारे-खिडक्या लावून, पंखे बंद ठेवून फक्त दहा मिनिटे बसा आणि पुन्हा वाचन घ्या. कोरड्या तापमापकातला फरक बहुधा लहानच असेल. ओल्या फुग्याच्या तापमापकाकडे जास्त लक्ष द्या. खिडक्या उघडल्यानंतर तो पूर्वस्थितीला यायला किती मिनिटे लागतात, तेही लिहून ठेवा.