म्हापशाचे माप व पोलादाची पारख

म्हापसा हे बारदेश तालुक्यातील व्यापाराचे जुने ठाणे होय. माप भरण्याची जागा म्हणून या गावास हे नाव पडले, अशी एक व्युत्पत्ती सांगण्यात येते. ती खरी असो वा नसो, डिचोलीची मातीची भांडी आणि पेडण्यातील हरमलची मिरची घेऊन येणारा येथील शुक्रवारचा बाजार आजही गजबजलेला असतो.

याच पेठेत उपाहारगृहांना लागणाऱ्या साहित्याचा घाऊक व्यापारही चालतो. शेगड्या, डोसा भट्ट्या, शीतपेट्या, स्टेनलेस स्टीलची टेबले, कोइमतूरचे वेट ग्राइंडर, भाईंदरची भांडी असा हा माल असतो. दि. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला, पुढे पर्यटकांचा ओघ वाढला आणि कळंगुट, कांदोळी, हणजूण या किनाऱ्यांवर हॉटेले उभी राहिली. 1998 साली कोकण रेल्वे थिवीवरून धावू लागली. 2023 च्या जानेवारीत पेडणे तालुक्यात मोपा येथील विमानतळावरून वाहतूक सुरू झाली आणि मोरजी-हरमलचे गिऱ्हाईकही म्हापशास अधिक जवळचे झाले.

या व्यापाराचे वर्ष पावसाळ्यानंतर सुरू होते. किनाऱ्यावरील शॅकवाले हंगामाच्या आरंभी माल उचलतात, आणि पावसापूर्वी शॅक मोडण्याच्या सुमारास उधारीचा हिशेब पुरा होतो. सारा व्यवहार विश्वासावर चालत असल्याने येथे पत हेच खरे भांडवल आहे.

या बाबतीत आम्हांस एक धडा मिळाला, तो सांगणे उचित वाटते. काही वर्षांपूर्वी आम्ही एका कारखान्याची सहा टेबले '304 स्टील' या तोंडी भरवशावर घेतली व किनाऱ्यावरील एका हॉटेलास विकली. बिलावर फक्त 'स्टील टेबल, नग 6' एवढेच लिहिले होते. पहिल्याच पावसाळ्यात त्यांवर तांबूस ठिपके उमटले. गिऱ्हाईक भांडले नाही. "शेटजी, तुमच्या शब्दावर घेतली होती," एवढेच म्हणाले. आम्ही सहाही टेबले बदलून दिली. नुकसान सोसले, पण तो शब्द अद्याप विसरलो नाही.

दोष कोठे होता? 304 स्टीलमध्ये सुमारे 18 टक्के क्रोमियम व 8 टक्के निकेल असते. 202 मध्ये महाग निकेल कमी करून मँगनीज वाढविलेले असते. दोन्ही सारखीच चकाकतात. लोहचुंबक लावून पाहण्याची रीत येथे निरुपयोगी आहे, कारण 202 लाही चुंबक सहसा चिकटत नाही. समुद्राच्या खाऱ्या हवेतील क्षार मात्र हलक्या पोलादास लवकर ओळखतात. अगदी किनाऱ्यालगत 304 सुद्धा डागाळते. तेथे मॉलिब्डेनमयुक्त 316 अधिक टिकते. जाडीचेही तसेच आहे. 18 गेजचा पत्रा सुमारे 1.2 मिलिमीटर, तर 20 गेजचा सुमारे 0.9 मिलिमीटर भरतो. आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे नवख्या गिऱ्हाइकास ठाऊक नसते.

केंद्र सरकारने मार्च 2024 च्या आदेशान्वये स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे केले, ही चांगली गोष्ट झाली. परंतु मागणीप्रमाणे घडविलेल्या टेबलाची हमी अखेर विक्रेत्यासच द्यावी लागते. म्हणून आता आम्ही कारखान्याकडून चाचणीचा दाखला मागतो आणि बिलावर स्टीलचा प्रकार व गेज दोन्ही लिहितो. हलका माल घेणारास तो हलका म्हणूनच आणि हलक्या दरात देतो. काही सौदे हातचे जातात, परंतु तक्रारी थांबल्या आहेत.

अचौर्यव्रताच्या अतिचारांत आपल्या पूर्वाचार्यांनी हीनाधिक मान आणि प्रतिरूपक व्यवहार या दोहोंची गणना केली आहे. पातळ पत्रा जाड म्हणून देणे हा पहिला दोष, 202 ला 304 म्हणणे हा दुसरा. मापाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गावी तरी आपल्या बंधूंचे माप पुरे भरावे, एवढीच आमची नम्र विनंती आहे.