पंपाचा प्लग काळा का होतो?



रोवणीच्या दिवसांत पावसानं दडी मारली की आपल्या गोरेगाव तालुक्यात सगळ्यांची नजर बोडीकडं जाते. पऱ्हे तीन आठवड्यांचे झाले की रोवायला हवेत. फार दिवस राहिले तर फुटवे कमी येतात. म्हणून आमच्या गटानं पेट्रोलवर चालणारा पंप घेतला. तो एका ताईच्या बांधीत अर्धं पाणी झाल्यावर बंद पडला. दोरी ओढून ओढून आमचे खांदे दुखले. दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला, प्लग काढून पुसला, पैसे घेऊन गेला. चार दिवसांनी पुन्हा तेच! तिसऱ्या वेळी आम्ही नवा प्लग आणला, तोही काळा झाला. पंप विकून टाका, इथवर बैठकीत बोलणं गेलं.

प्लगचं काम एवढंच, की इंजिनात आलेली पेट्रोलची वाफ आणि हवा ठिणगीनं पेटवायची. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर सेकंदाला २५ वेळा हा पेट व्हावा लागतो. प्लगच्या टोकाशी जी फट असते, ती साधारण ०.७ मिलिमीटर, म्हणजे रुपयाच्या नाण्याच्या जाडीच्या निम्मी. नेमका आकडा पंपाच्या पुस्तकात असतो. तिथं काजळी साचली की वीज फटीतून उडी न मारता काजळीवरूनच निघून जाते. ठिणगी नाही, तर इंजिन नाही.

पण काजळी येते कुठून? प्लगचा रंग बघा. विटकरी-तपकिरी असेल तर सगळं ठीक. कोरडा काळा असेल तर पेट्रोल जास्त, हवा कमी. ओला आणि पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल न जळता साचलंय. काळा तेलकट असेल तर इंजिन आतून ऑइल खातंय, तिथं मिस्त्रीच लागेल. पांढराफटक असेल तर इंजिन फार तापतंय.

आमचा कोरडा काळा होता. थंड इंजिन सुरू करताना आम्ही चोक लावायचो आणि सुरू झाल्यावर काढायला विसरायचो. वर हवेची जाळी धुळीनं गच्च. म्हणजे दोष प्लगचा नव्हताच, पैसे मात्र आम्ही प्लगवर घालत होतो.

प्लग काढायचा तर आधी इंजिन थंड होऊ द्या, पेट्रोलचा कॉक बंद करा. भोवतालची माती पुसा, नाहीतर ती आत पडते. काजळी तारेच्या ब्रशनं हलकेच काढा. विस्तवावर तापवू नका. बसवताना आधी हातानंच फिरवा, पाना शेवटी. आटे आडवे गेले तर खर्च प्लगच्या कितीतरी पट. ठिणगी बघायची असेल तर सांडलेलं पेट्रोल आधी पुसून घ्या, आणि प्लगच्या भोकाजवळ तर अजिबात बघू नका.

कोकणात छोट्या होडीला मागं लावलेल्या पेट्रोल इंजिनातही हाच प्लग असतो. तिथं खारी हवा टोपीतली जोडणी गंजवते, आणि भर समुद्रात मिस्त्री कुठून येणार? जादा प्लग आणि पाना होडीतच ठेवावा लागतो. आम्हीही आता दोन्ही पंपाच्या दांडीला पिशवीत बांधून ठेवलेत. पंप भाड्यानं देताना पिशवी मोजून देतो, मोजून घेतो. चोक काढायची आठवण टाकीवर लाल रंगानं लिहिली आहे.