हातांतल्या फोनचें अक्षरवळण

मुलांचें अक्षर चांगलें व्हावें म्हणून आपल्या घरांतून पूर्वीं पाटीवर कित्ता गिरवून घेत असत. आतां मुलांच्या डोळ्यांपुढें पाटीपेक्षां फोनच अधिक वेळ असतो. तेव्हां फोनवर दिसणारें अक्षर हाहि एक कित्ताच होय, आणि तो कोणत्या वळणाचा आहे हें पाहणें वडील माणसांस अगत्याचें आहे.

रावेरसारख्या गांवीं हा प्रश्न विशेष जाणवण्याजोगा आहे. पलीकडे बऱ्हाणपुरास हिंदी मुलूख सुरू होतो. केळीचे भाव, लग्नपत्रिका, शाळेच्या सूचना हें सारें एकाच पडद्यावर येतें. मराठी ‘ल’ला दोन पाकळ्या असतात, हिंदी ‘ल’ उभ्या दंडाला टेकलेला असतो. ‘श’चेंहि असेंच आहे. महाराष्ट्र शासनाच्या २०२२ सालच्या निर्णयांत पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ यांनाच मान्यता आहे. परंतु युनिकोड संकेतांत दोन्ही ‘ल’ना क्रमांक एकच! त्यामुळें कोणतें रूप उमटावें हें लिहिणाऱ्याच्या हातीं राहत नाहीं. वाचणाऱ्याच्या फोनमधील फाँट, म्हणजे अक्षरांचा संच, तें ठरवितो.

यावर उपाय आहे. कित्येक फाँटांत दोन्ही रूपें असतात. म्हणून प्रथम फोनची भाषा मराठी करून पाहावी. तेवढ्यानें न भागल्यास फाँट बदलावा. सॅमसंग व शाओमी यांच्या पुष्कळ फोनांत ही सोय मुळांतच असते, आणि नवे फाँट त्या कंपन्यांच्याच दुकानांतून घेतां येतात. आयफोनवर २०१९ पासून ॲपमधून फाँट बसवितां येतात. मात्र ते लेखनाच्या कांहीं ॲपपुरतेच चालतात, सबंध फोनचें अक्षर त्यांनीं पालटत नाहीं.

बाहेरचें ॲप घेतांना मात्र सावध असावें. अक्षरें बदलण्यास आपले संपर्क किंवा संदेश वाचण्याची परवानगी कशास हवी? ती मागणारें ॲप घरांत घेऊं नये. कांहीं ॲप फोनचें मूळ कुलूपच उघडावयास सांगतात. तसें केल्यास बँकेचीं ॲप बंद पडण्याचा संभव असतो. शिवाय अनेक शोभिवंत फाँटांत देवनागरी नसतेच. इंग्रजी अक्षरें तेवढीं नटतात, मराठी होतीं तशींच राहतात.

फाँट बसविल्यावर ‘शाळेतील विद्यार्थी बऱ्हाणपुरास गेले’ हें वाक्य लिहून पाहावें. ‘श’ व ‘ल’, ऱ्हस्व वेलांटी, ‘द्य’चें जोडाक्षर, रफार आणि आपल्या मराठीचा ‘ऱ्ह’ या सर्वांची त्यांत परीक्षा होते. तें आजोबांनीं चष्म्यांतून व नातवानें उघड्या डोळ्यांनीं, दोघांनींहि न अडखळतां वाचलें, म्हणजे फाँट ठेवण्यास हरकत नाहीं.

जावजी दादाजींनीं १८६९ सालीं मुंबईंत निर्णयसागर छापखाना काढला. त्याच्या सुबक टाइपावर पिढ्यानुपिढ्यांची नजर घडली. पण तो टाइप वाचकानें निवडलेला नव्हता. आज ती निवड, कांहीं अंशीं कां होईना, कुटुंबाकडे आली आहे. ती आपण केली नाहीं, तर दुसरें कोणी आपल्याकरितां करीलच.