छताकडून सडणारी वाहिनी

मैलापाण्याची काँक्रीटची वाहिनी बहुतेक वेळा तळातून जात नाही, आधी जातं तिचं छत. पाणी जिथं कधी टेकतही नाही, नेमकं तिथलंच काँक्रीट मऊ पडतं. याचं कारण मेलबर्नच्या सी. डी. पार्कर या संशोधकाच्या कामातून 1945 मध्ये पुढे आलं: छत खाणारे जिवंत आहेत.

वाहिनीच्या भिंतीवर, पाण्याखाली, बुळबुळीत थर साचतो. त्याच्या आतल्या अंगाला प्राणवायू पोचत नाही. तिथले जिवाणू प्राणवायूऐवजी पाण्यातलं सल्फेट वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड बाहेर टाकतात. पाणी जिथं उंचावरून पडतं, खळाळतं, तिथं हा वायू सुटतो आणि छताच्या दमट पृष्ठभागात मुरतो. छतावर वेगळ्याच जातीचे जिवाणू वस्तीला असतात. ते त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात. ताज्या काँक्रीटचा सामू 12 ते 13 असतो; सडलेल्या छतावर तो 1 ते 2 पर्यंत उतरलेला आढळतो. सिमेंटचं जिप्सम होतं आणि बोटानं खरवडला तरी सुटेल असा पांढरा लगदा उरतो. परिस्थिती वाईट असेल तर वर्षाला काही मिलिमीटर काँक्रीट असं नाहीसं होतं. मग सळया उघड्या पडतात, वरची माती आत ओघळू लागते आणि एक दिवस हिरवळीत खड्डा पडतो.

हिरवळीतच का, तर उतारामुळे. सांडपाणी शक्यतो पंपाविना वाहतं ठेवायचं असतं आणि शहरातली सर्वांत सखल जमीन पाण्याकाठची, जिथं बागाही असतात. 1858 च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीनं लंडनची संसद हैराण झाली, तेव्हा जोसेफ बॅझलगेट यांच्या योजनेला पैसा मिळाला. त्यांनी नदीत भराव घालून बांधलेला व्हिक्टोरिया एम्बँकमेंट 1870 मध्ये खुला झाला. वर रस्ता आणि बागा, पोटात मलवाहिनी. मुंबईतही वरळी आणि वांद्रे इथून मैलापाणी सुमारे 3.4 किलोमीटर लांबीच्या बोगद्यांतून समुद्रात सोडतात, म्हणजे तिथल्याही मोठ्या वाहिन्यांची धाव किनाऱ्याकडेच. आणि किनाऱ्याला खारं पाणी आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 2.7 ग्रॅम सल्फेट असतं. भरतीचं पाणी फुटक्या सांध्यांतून आत झिरपलं, की जिवाणूंना हवा तेवढा कच्चा माल मिळतो.

अशा जागी उकरून पाइप बदलणं फार महागात पडतं. थोडं खणलं की पाणी लागतं, ते सतत उपसावं लागतं आणि उपशानं आजूबाजूचा भराव बसतो, भिंतींना तडे जातात. झाडांची मुळं तुटतात ती वेगळीच. म्हणून आता पाइपाच्या आत नवा पाइप घडवतात. एरिक वुड या अभियंत्यानं 1971 मध्ये पूर्व लंडनच्या हॅक्नी भागात, विटांच्या जुन्या अंडाकृती वाहिनीवर हा प्रयोग पहिल्यांदा केला. रेझिननं भिजवलेली नमद्यासारख्या जाड कापडाची लांब नळी शीतपेटीच्या ट्रकमधून आणतात, कारण उष्णतेनं रेझिन वाटेतच कडक होऊ शकतं. नळीचं तोंड मॅनहोलपाशी बांधून आत पाणी किंवा हवा सोडली, की पायमोजा उलटावा तशी ती आतून बाहेर उलटत पुढे सरकते आणि भिंतीला घट्ट बसते. मग गरम पाणी किंवा वाफ फिरवतात. काही तासांत आत सांधा नसलेला टणक पाइप तयार होतो. घरांच्या जोडण्यांची तोंडं मात्र अस्तराखाली बुजलेली असतात. कॅमेऱ्यात तिथं खळगा दिसतो आणि यंत्राचं पातं तेवढंच तोंड कापून उघडतं. तोवर मैलापाणी पंपानं बागेवरून वळवलेलं असतं. जवळ राहणाऱ्यांनी तेवढे दिवस नहाणीच्या जाळीत तांब्याभर पाणी ओतत राहावं, म्हणजे रेझिनचा उग्र वास घरात शिरत नाही.

या पद्धतीचा मला वाटणारा सर्वांत मोठा फायदा बागेचा नाही, माणसाचा आहे. छत खाणारा तोच वायू कामगाराला मारतो. थोडा असताना सडक्या अंड्यांचा वास येतो. दर दहा लाख भागांत 100 भागांच्या आसपास गेला की नाक बधिर होतं, वास थांबतो, आणि धोका टळला असं वाटतं. 1,000 भागांपाशी एकदोन श्वासांत माणूस कोसळतो. अस्तराच्या कामात लहान वाहिनीत कुणाला शिरावं लागत नाही, पण पाणी अडवायला, नळी वळवून घ्यायला चेंबरमध्ये अजूनही माणूस उतरतो. संरक्षणाविना गटारात उतरवण्यावर आपल्याकडे 2013 च्या कायद्यानं बंदी आहे. तरीही माणसं मरतात; ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख रुपये केली. बागेत पत्रे लागलेले दिसले, तर काम कधी संपणार हे विचारण्याआधी वायुमापक कुठं आहे, ते मुकादमाला विचारा. ते चेंबरच्या काठावर, चालू स्थितीत दिसायला हवं.