स्प्रिंगफील्डचे पिवळे बिऱ्हाड

अमेरिकन दूरचित्रवाणीवर १९५०च्या दशकापासून कौटुंबिक विनोदी मालिकांची एक ठरीव घडण रूढ झाली होती. तीच पात्रे, तेच घर किंवा कचेरी आणि दर आठवड्याला एक नवा पेचप्रसंग अशा साधारण अर्ध्या तासाच्या विनोदी मालिकेला ‘सिटकॉम’ म्हणतात. आणि या प्रकारातल्या ‘फादर नोज बेस्ट’ किंवा ‘लीव्ह इट टू बीव्हर’ यांसारख्या मालिकांत वडील समंजस, आई प्रसन्न, मुले खोडकर पण मुळात गुणी असत आणि भाग संपता संपता वडिलांच्या चार शब्दांनी सगळे मार्गी लागे. १७ डिसेंबर १९८९ रोजी फॉक्स वाहिनीवर स्वतंत्रपणे सुरू झालेल्या ‘द सिम्पसन्स’ या ॲनिमेशन मालिकेने हीच घडण उचलली, तिच्यातले टुमदार घर, दिवाणखान्यातला सोफा आणि आईबाप-मुलांचा संसार जसाच्या तसा ठेवला, आणि बदल केला तो एवढाच, की चार शब्द सांगण्याची वेळ आली म्हणजे या घरातल्या बापाजवळ सांगण्यासारखे काहीच नसते.

होमर सिम्पसन हा स्प्रिंगफील्ड नावाच्या गावातल्या अणुविद्युत केंद्रात सुरक्षा निरीक्षक आहे, आणि ज्याच्या सावधपणावर अख्ख्या गावाचे प्राण टांगलेले आहेत तो माणूस कामाच्या वेळी बहुधा डोनट खात असतो किंवा घोरत असतो. त्याची पत्नी मार्ज घर सावरता सावरता थकलेली, पण नवऱ्यावर जीव असलेली. दहा वर्षांचा बार्ट शाळेला आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना सळो की पळो करून सोडणारा. आठ वर्षांची लिसा सॅक्सोफोन वाजवणारी, वाचणारी, तत्त्वनिष्ठ आणि म्हणूनच घरात एकटी पडलेली. धाकटी मॅगी सदैव तोंडात चोखणी धरून गप्प. आणि होमरचे वडील वृद्धाश्रमात, कोणी भेटायला येईल या आशेवर. घरातल्या कोणाकडूनही त्याच्या वाट्याची भूमिका धडपणे पार पडत नाही, तरीही सगळे एकाच छताखाली टिकून राहतात, अशा कुटुंबाला समाजशास्त्राच्या परिभाषेत विसंवादी कुटुंब म्हणता येईल. या व्याख्येतले ‘तरीही’ या मालिकेच्या लेखकांनी पहिल्यापासून धरून ठेवले, हे त्यांचे मोठे कौशल्य होय.

मालिकेचा जनक मॅट ग्रेनिंग हा मुळात ‘लाइफ इन हेल’ नावाच्या उपरोधिक चित्रपट्टिकेचा कर्ता. ‘द ट्रेसी उलमन शो’ या कार्यक्रमासाठी ती पट्टिका ॲनिमेशनमध्ये आणावी, अशी निर्माता जेम्स एल. ब्रुक्स याची इच्छा होती. पण तसे केल्यास तिच्यावरचा आपला हक्क जाईल हे ध्यानात येताच ग्रेनिंगने ऐनवेळी एक नवेच कुटुंब रेखाटून पुढे केले आणि त्यातल्या बहुतेक पात्रांना स्वतःच्या आईवडिलांची व बहिणींची नावे देऊन टाकली. १९८७च्या एप्रिलपासून त्या कार्यक्रमात मिनिटा-दोन मिनिटांच्या तुकड्यांत दिसणारे हे कुटुंब अर्ध्या तासाच्या मालिकेत आले, तेव्हा ब्रुक्सने वाहिनीकडून एक दुर्मीळ सवलत मिळवली होती: संहितेत वाहिनीच्या अधिकाऱ्यांनी ढवळाढवळ करायची नाही. फॉक्स ही त्या वेळी तीन बलाढ्य जुन्या वाहिन्यांसमोर नुकतीच उभी राहिलेली चौथी वाहिनी होती आणि तिला गमावण्यासारखे फारसे काही नव्हते, म्हणूनच हे शक्य झाले.

पहिल्याच भागातून या कुटुंबाच्या फजितीचे व्याकरण स्पष्ट होते. नाताळ तोंडावर आला असताना बार्ट दंडावर गोंदवून घ्यायला बसतो आणि अर्धवट गोंदलेले ते नक्षीकाम काढून टाकण्यात मार्जची भेटवस्तूंसाठी साठवलेली सगळी पुंजी खर्च होते. तिकडे होमरचा मालक मिस्टर बर्न्स यंदा बोनस मिळणार नाही असे जाहीर करतो. बायकोला हे सांगण्याचे धाडस न झाल्याने होमर एका बाजारसंकुलात सांताक्लॉजचा वेष घालून नोकरी धरतो, पण नाना कपाती होऊन त्याच्या हाती पडतात जेमतेम १३ डॉलर. ते तो कुत्र्यांच्या शर्यतीत लावतो, तेही केवळ नाव शुभ वाटले म्हणून ‘सांताज लिटल हेल्पर’ या मरतुकड्या कुत्र्यावर. कुत्रा शेवटचा येतो, त्याचा मालक त्याला तिथेच हाकलून देतो आणि होमर व बार्ट रिकाम्या हातांनी पण कुत्रा घेऊन घरी येतात. घरच्यांना वाटते, हीच यंदाची भेट. या कथेत कोणी शहाणे होत नाही, कोणाची चूक सुधारत नाही, पैशाची चणचण जशीच्या तशी राहते, आणि सणाला मात्र सण म्हणण्यासारखे काहीतरी घडते. बोनस, दंतोपचाराचा विमा, शाळेतला निकाल, गाडीचा हप्ता असल्या बाबींवर उभा राहिलेला विनोद त्या काळच्या चकचकीत सिटकॉममध्ये अभावानेच सापडत असे.

हेच सूत्र ११ ऑक्टोबर १९९० रोजी दाखवलेल्या ‘बार्ट गेट्स ॲन एफ’ या भागात आणखी धारदार झाले आहे. नापास होण्याच्या उंबरठ्यावर असलेला बार्ट देवाकडे एका दिवसाची सवड मागतो, रात्रीत बर्फ पडून शाळा बंद होते, सगळे गाव बाहेर खेळत असताना तो पोर खरोखर अभ्यासाला बसतो, आणि तरीही त्याला ५९ गुण मिळतात, म्हणजे नापासच. प्रयत्नांती परमेश्वर ही शिकवण इथे एका गुणाने हुकते. त्यानंतर तो शिक्षिकेसमोर ढसाढसा रडतो, रडता रडता इतिहासातला एक आडवळणाचा दाखला अचूक देऊन जातो आणि त्या दाखल्याचा एक गुण वाढवून तिला त्याला कसेबसे पास करता येते. गंमत अशी, की हा भाग मुद्दाम ‘द कॉस्बी शो’ या सुशिक्षित, सुखवस्तू, आदर्श कुटुंबाच्या अतिलोकप्रिय मालिकेच्या वेळेतच दाखवला गेला होता.

हे सारे ॲनिमेशनमध्येच का साधले, याचे उत्तर अंशतः तंत्रात आहे. जिवंत नटांच्या मालिकेत मुले मोठी होतात, कलावंत करार मोडून जातात. चितारलेला बार्ट मात्र साडेतीन दशके दहा वर्षांचाच राहिला आहे. दर भागाच्या शेवटी स्थिती पूर्ववत होण्याचा जो संकेत सिटकॉममध्ये असतो तो इथे अगदी सहज पचतो, त्यामुळे आज जळालेले घर पुढच्या आठवड्यात उभे असते. शिवाय कागदावर दिवाणखाना काढायला जेवढे कष्ट पडतात त्याहून फार जास्त कष्ट अख्खे गाव काढायला पडत नाहीत. १९९३च्या ‘मार्ज व्हर्सेस द मोनोरेल’ या भागात अणुकचरा गावात टाकल्याबद्दल बर्न्सकडून वसूल झालेले ३० लाख डॉलर रस्तेदुरुस्तीवर खर्च करावेत, ही मार्जची साधी सूचना गावसभेत चालू असते, तेवढ्यात एक गोडबोल्या ठग गाणे म्हणत म्हणत गावाच्या गळ्यात मोनोरेल बांधतो आणि तिच्या चालकपदी अर्थातच होमरची निवड होते. कोनन ओब्रायन याने लिहिलेला हा भाग लोकशाहीतल्या सार्वजनिक खर्चाविषयीच्या अनेक जाडजूड अहवालांपेक्षा अधिक काही सांगून जातो, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

निर्मितीची पद्धत मात्र वेळखाऊ आहे. लेखकांचा चमू संहिता एकत्र बसून घडवतो, मग कलावंत तिचे सामूहिक वाचन करतात, आवाज आधी ध्वनिमुद्रित होतात, त्या आवाजांवर कथाफलक म्हणजे प्रसंगांची क्रमवार रेखाटने बेतली जातात, त्यांची आवाजाबरोबर चालणारी कच्ची चित्रफीत तपासली जाते, आणि त्यानंतर प्रत्यक्ष चित्रांकनाचे बरेचसे काम दक्षिण कोरियात होते. सुरुवातीला पहिला म्हणून योजलेला भाग तिकडून इतका सदोष परत आला, की तो मागे ठेवून नाताळचा भाग पुढे आणावा लागला. एका भागाला सहा महिन्यांहून अधिक काळ लागत असल्याने कालपरवाच्या बातमीवर विनोद करणे लेखकांना परवडत नाही, आणि त्यामुळेच त्यांचा रोख लाचखाऊ महापौर, आळशी पोलीसप्रमुख, कंटाळलेल्या शिक्षिका आणि हिशेबी उद्योगपती अशा सहसा न बदलणाऱ्या लक्ष्यांकडे वळला.

या कुटुंबाने अमेरिकेतल्या प्रतिष्ठितांना अस्वस्थ केले. काही शाळांनी बार्टची चित्रे असलेल्या टी-शर्टांवर बंदी घातली. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बार्बरा बुश यांनी १९९०मध्ये मालिकेची हेटाळणी केली, तेव्हा मार्जच्या नावाने त्यांना एक सभ्य पत्र गेले आणि त्यांनीही दिलगिरी व्यक्त करणारे उत्तर धाडले. जानेवारी १९९२मध्ये मात्र राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी अमेरिकन कुटुंबे सिम्पसन्ससारखी कमी आणि वॉल्टन्ससारखी जास्त व्हावीत, असे भाषणात सांगितले. ‘द वॉल्टन्स’ ही १९३०च्या दशकातल्या महामंदीत एकमेकांना धरून राहणाऱ्या ग्रामीण कुटुंबाची मालिका. अवघ्या काही दिवसांत जुन्या भागाच्या आरंभी एक छोटा प्रसंग जोडून बार्टकरवी उत्तर दिले गेले: मंदी संपावी म्हणून आम्हीही प्रार्थनाच करीत आहोत. अर्थव्यवस्था मंदावलेली होती, निवडणूक समोर होती, त्यामुळे हा टोला वर्मी बसला.

मालिकेच्या लेखकांनी स्वतःच्या नायकाकडेही निर्दयपणे पाहिले आहे. १९९७च्या ‘होमर्स एनिमी’ या भागात आयुष्यभर खस्ता खाऊन वर आलेला फ्रँक ग्राइम्स हा सहकारी होमरचे घर, बायकामुले आणि त्याची बेफिकिरी पाहून हादरतो, आणि या माणसाला काहीच कसे होत नाही हे दाखवण्यासाठी त्याची नक्कल करता करता विजेच्या तारेला हात लावून मरतो. सिटकॉमच्या जगात मूर्खाला जे अभय असते ते खऱ्या माणसाला नसते, एवढे सांगण्यासाठी या लेखकांनी एका सज्जनाचा बळी दिला.

भारतीयांच्या दृष्टीने या मालिकेची दुखरी बाजू म्हणजे अपू नहासपीमापेटिलॉन. संगणकशास्त्रात डॉक्टरेट मिळवून किराणा दुकान चालवणारा हा भारतीय दुकानदार कष्टाळू आहे, हुशार आहे, पण त्याचा ठसकेबाज उच्चार हँक अझारिया या गोऱ्या कलावंताचा होता, आणि अमेरिकन पडद्यावर तेव्हा दुसरे भारतीय पात्र जवळपास नसल्याने तिथे वाढलेल्या भारतीय मुलांना, त्यांत मराठी घरांतलीही आलीच, त्याच उच्चारात चिडवले जाई. विनोदकार हरी कोंडाबोलू याने २०१७च्या ‘द प्रॉब्लेम विथ अपू’ या माहितीपटात हा मुद्दा नेटाने मांडला. त्यावर मालिकेने एका भागात लिसाच्या तोंडून जे उडवाउडवीचे उत्तर दिले ते तिच्या लौकिकाला शोभणारे नव्हते. सत्ताधाऱ्यांची खिल्ली उडवणाऱ्यांना स्वतःवरची टीका सोसली नाही, असेच ते दिसले. जानेवारी २०२०मध्ये अझारियाने अपूला यापुढे आवाज देणार नसल्याचे जाहीर केले.

मालिका अजूनही चालू आहे. एप्रिल २०१८मध्ये तिने ‘गनस्मोक’ या मालिकेचा ६३५ भागांचा विक्रम मोडला आणि आता भागांची संख्या साडेसातशेच्या पुढे गेली आहे. पण संख्या आणि गुणवत्ता यांचे इथे जमलेले नाही: उत्तरोत्तर होमरचा अडाणीपणा स्वभाव न राहता हुकमी चाळा झाला, पाहुण्या ताऱ्यांची वर्दळ वाढली आणि हप्त्यांची चिंता करणारे घर मागे पडले. मालिका कधीच न पाहिलेल्या प्रेक्षकाने म्हणूनच दुसऱ्या ते आठव्या पर्वातले भाग निवडावेत, आणि त्यांतही १९९५चा ‘अँड मॅगी मेक्स थ्री’ आधी पाहावा. मनाजोगती नोकरी मिळाल्यावर अणुकेंद्रावर लाथ मारून गेलेला होमर तिसऱ्या अपत्याच्या चाहुलीने हात जोडून परत येतो, आणि सुटकेची आशा सोड असे बजावणारी पाटी बर्न्स त्याच्या टेबलासमोर ठोकतो. होमर त्या पाटीवर मॅगीची छायाचित्रे अशी डकवतो, की उरलेली अक्षरे हे सगळे तिच्यासाठी आहे असा अर्थ देऊ लागतात. घरच्या अल्बममध्ये मॅगीचे एकही छायाचित्र का नाही, या भागाच्या आरंभी पडलेल्या प्रश्नाचे उत्तर तिथे मिळते. होमरला केवळ खादाड मूर्ख समजणाऱ्याने हा भाग जरूर पाहावा.