टेकू

बचतगटांतल्या बायकांच्या फवारणी ड्रोनवर लेख हवा, असं संपादकांनी सांगितलं आणि मी विदर्भातल्या एका प्रशिक्षण मैदानावर जाऊन बसले. डोक्यात मात्र २०१७चा यवतमाळचा पावसाळा होता. उंच वाढलेल्या कपाशीत पाठीवर पंप घेऊन फवारणारे किती तरी शेतकरी-मजूर तेव्हा विषबाधेने दगावले. माणूस पिकाबाहेर उभा राहील आणि फवारा वरून पडेल, ही गोष्ट मला तेव्हापासून मनापासून हवी आहे.

मैदान म्हणजे पडीक रान, जाळीचं कुंपण, चार केशरी शंकू आणि बांबूला बांधलेली लाल फीत. एक तिशीतल्या ताई पदर खोचून, कॅनव्हासचे बूट घालून रिमोट धरून उभ्या होत्या. मागे प्रशिक्षक. त्याच्या हातातला दुसरा रिमोट ताईंच्या रिमोटशी जोडलेला होता. गडबड झालीच तर ताबा त्याच्याकडे.

ड्रोनचं तोंड पुढे आणि शेपूट आपल्याकडे असेपर्यंत सगळं सोपं असतं. उजवी काठी उजवीकडे सारली की ड्रोन उजवीकडे जातो. मग प्रशिक्षकाने ड्रोन जागेवर फिरवायला लावला. आता त्याचं तोंड ताईंकडे झालं. वारा आला, ड्रोन डावीकडे ढळू लागला, ताईंनी काठी उजवीकडे ओढली आणि तो आणखी डावीकडे निघाला. त्याची उजवी बाजू आता ताईंच्या डावीकडे होती. त्यात जीपीएस मुद्दाम बंद ठेवलेलं. ते चालू असतं तर ड्रोनने आपली जागा आपण धरली असती. बंद असताना तो उंची सांभाळतो, पण वाऱ्याबरोबर वाहत जातो.

तीन वेळा प्रशिक्षकाला ताबा घ्यावा लागला. चौथ्या वेळी तो म्हणाला, "ताई, उजवं-डावं सोडा. कूड कलला तर टेकू कुठून देता? ज्या बाजूला कलला, तिकडूनच ना? काठीही तिकडेच न्या." ताईंनी ड्रोन ज्या बाजूला ढळत होता त्याच बाजूला काठी हलकेच नेली आणि तो थांबला. मी पुढचा तासभर तेवढंच बघत बसले. दोन बोटांनी दिलेला तो टेकू, तो दिल्यावर क्षणभर स्थिर होणारं यंत्र, पुन्हा वारा, पुन्हा टेकू. दुपारपर्यंत ताईंचे ओठ पुटपुटायचे थांबले होते. बोटं आपणच जात होती.

हे कशाला शिकायचं, असं कुणी विचारेल. शेतात तर हद्द आखून दिली की ड्रोन आपला आपण तास धरून जातो. पण बांधावरच्या बाभळीची फांदी, विजेची तार, लोखंडापाशी बिथरलेलं होकायंत्र समोर येतं तेव्हा हाताशी चार-पाच सेकंदच असतात. माझ्या मते सगळं प्रशिक्षण त्या सेकंदांसाठी आहे.

नियमांचं थोडक्यात सांगते. ड्रोन नियम २५ ऑगस्ट २०२१ला आले. पायलट १८ ते ६५ वयाचा, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेत शिकलेला हवा. यंत्राच्या प्रत्येक मॉडेलला वेगळं प्रकार प्रमाणपत्र लागतं. पायलट आणि यंत्रानंतर तिसरा प्रश्न आकाशाचा. हवाई हद्दीच्या नकाशावरच्या हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही सूट २०० फुटांवर येते. 'लहान' वर्गाची मर्यादा २५ किलो आहे. दहा लिटरची टाकी भरून ड्रोन त्या मर्यादेत बसवायचा, म्हणून बनवणारे ग्रॅमाग्रॅमचा हिशेब करतात. टाकी रिकामी होते तसतसा तो दहा किलोने हलका होत जातो, आणि तो फरकही बोटांना कळावा लागतो.

बचतगटांतल्या बायकांना ड्रोन देणाऱ्या 'नमो ड्रोन दीदी' योजनेत १५ दिवसांचं प्रशिक्षण आहे. त्यात पाच दिवस उड्डाणाचे, दहा दिवस खत-औषध फवारणीचे. पाच दिवसांत टेकू द्यायला येतं, हे मी पाहिलं. पंधरा दिवसांत वारा ओळखता येतो का, याची मला काळजी वाटते. पाठीवरच्या पंपाने एकराला दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं. ड्रोन दहा लिटरमध्ये भागवतो. औषध मात्र एकराला तेवढंच. म्हणजे थेंब पंधरा-वीस पट जहाल. तो वाऱ्याने शेजारच्या भाजीवर, विहिरीवर, बांधावर जेवायला बसलेल्या माणसांवर गेला तर?

शिवाय २०२२च्या दुरुस्तीनंतर पायलटचं प्रमाणपत्र प्रशिक्षण संस्थाच देते. ज्याने शिकवलं त्यानेच पास करायचं. या मैदानावरचा प्रशिक्षक कडक होता, तरी ही रचना मला पटत नाही. ताबा हिसकावून घेणारा दुसरा रिमोट शेतात नसतो. पास करणारा तरी त्रयस्थ असायला हवा.

आणि बॅटऱ्या. एका जोडीवर एकर-दीड एकर होतं. गरम बॅटरी लगेच चार्ज करायची नाही, फुगलेली वापरायची नाही. म्हणजे जास्तीच्या जोड्या, जनरेटर, ते वाहून न्यायला गाडी. फवारणी सगळ्यांना एकाच आठवड्यात हवी असते. पाऊस उघडला की दहा शेतकरी फोन करणार, आणि वारा पडलेला असतो तो सकाळचे दोन-तीन तास. उरलेल्यांना 'उद्या या' म्हणायचं धैर्य ड्रोनच्या कर्जाचा हप्ता भरणाऱ्या बाईने कुठून आणायचं?

चारच्या सुमारास बांबूवरची फीत ताठ आडवी झाली. प्रशिक्षकाने सराव थांबवला. ताईंनी मघाशी फवाऱ्याच्या सरावासाठी टाकी भरून ठेवली होती. औषध कालवलेलं असतं तर ते उद्यावर ठेवता आलं नसतं, आणि ओतायचं कुठे हाही प्रश्न होता. आज टाकीत साधं पाणी होतं. ताईंनी झाकण काढलं आणि ते कुंपणापलीकडच्या कडुनिंबाच्या रोपाला घातलं.