कुदळवाडीची पोरं कुठे गेली?

फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने चिखलीच्या कुदळवाडीतली चार हजारांहून अधिक बांधकामं पाडली. भंगाराची गोदामं गेली. तिथल्या आगींना आणि धुराला सगळेच कंटाळले होते, त्यामुळे गोदामांसाठी कुणी फार हळहळलं नाही. पण त्यांच्या आडोशाने वाढलेली पोरं कुठे गेली, हे विचारायलाही कुणाला सवड नाही, याची मला चीड येते.

१९९७ साली चिखली गाव महापालिकेत आलं, शेतांचे प्लॉट पडले, यावर पुष्कळ लिहून झालंय. माझ्या मनातून जात नाहीत ती त्यापुढची दहा-पंधरा वर्षं. कंपन्यांकडून रंगाचे, थिनरचे रिकामे ड्रम इथे यायचे. तळाशी वाटीभर काहीतरी उरलेलं असायचंच. भंगार वेचणारी दहा-बारा वर्षांची पोरं त्यात चिंधी बुडवायची, मुठीत दाबून नाकातोंडाशी धरायची. ओठांभोवती लाल चट्टे, डोळे तारवटलेले, जीभ जड. "भूक मरते," एकाने मला सांगितलं होतं. जवळच्या एका शाळेने त्याचं नाव केव्हाच पटावरून काढून टाकलं होतं.

थिनरमधलं टोल्युइन मेंदूतल्या तंतूंवरचं आवरण झिजवतं, मूत्रपिंडं बिघडवतं. हृदयाची लयही अशी नाजूक होते की हुंगलेलं पोर दचकून धावत सुटलं, तर जागेवर कोसळून मरू शकतं. अगदी पहिल्याच वेळी. अशा पोरांमागे वॉचमन काठी घेऊन धावायचे.

२०१२ मध्ये केंद्र सरकारने बाटलीतल्या व्हाइटनर आणि थिनरच्या किरकोळ विक्रीवर बंदी घातली. पोरं पंक्चरच्या सोल्युशनकडे वळली. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात हे काहीच बसत नाही, म्हणून पोलिसांकडेही नोंद नाही. गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, काळात, १९८६ साली, अवचट दांपत्याने पुण्यात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. तशी तळमळ या पोरांच्या वाट्याला कितीशी आली?

२०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत हुंगण्याच्या नशेचं प्रमाण प्रौढांत ०.५८ टक्के आणि दहा ते सतरा वयाच्या मुलांत १.१७ टक्के निघालं. मुलं मोठ्यांच्या पुढे आहेत अशी ही एकच नशा. तरी मथळे मिळतात ते कुरकुंभच्या कारखान्यात सापडलेल्या मेफेड्रोनला, कारण तिथे कोटींचे आकडे असतात.

पाडलेल्या शेडची मोजणी झाली. आता मोशी, तळवडे, चाकणच्या नव्या भंगार अड्ड्यांवर जाऊन या पोरांचीही मोजणी करा. काठीवाल्याऐवजी डॉक्टर आणि शिक्षक सोबत न्या.